आषाढातली कोमट भिंत

सिंधू गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजता सगळ्यांच्या मोबाईलवर लाल पट्टी आली. निफाड, दिंडोरी, चांदवड. उद्या पहाटे तापमान उणे चार. ज्यांच्याकडे रांजण आहे त्यांनी आजच कळ दाबावी.

मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "चल, मुहूर्त आला."

सिंधू पोळ्या लाटत होती. "माझे हात पिठाचे आहेत. तुम्हीच दाबा. आणि आधी नमस्कार करा."

"कशाला? देव आहे का तो?"

"दहा दिवस ऊब देणारे. देवानं दिली का कधी?"

मी नमस्कार न करता कळ दाबली. खट्ट आवाज आला. मग काहीच नाही.

पूर्वी निफाडची थंडी म्हणजे वर्षातून एकदा पेपरात येणारी बातमी होती. द्राक्षाच्या पानावर दव गोठलं की कोणीतरी फोटो काढायचं आणि दुपारी लोक पुन्हा स्वेटर काढून फिरायचे. गेल्या सहा हिवाळ्यांत ती थंडी घरात शिरली. टीव्हीवर समजावून सांगतात ते असं, की उत्तर ध्रुवावर थंड हवेचा एक मोठा भोवरा फिरत असतो. तो जोरात फिरतो तोवर थंडी तिथंच कोंडून राहते. ध्रुव तापला तसा भोवरा सैल पडला आणि त्यातून थंड हवेच्या लांब जिभा खाली उतरू लागल्या. त्यातली एखादी आमच्यापर्यंत पोचते आणि आठ-दहा दिवस हलत नाही.

आमची घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली. साखर कारखाना चालू होता तेव्हाची ही बेचाळीस घरांची कामगार वसाहत. कारखाना बंद पडला, घरं आमच्या नावावर झाली. वर स्लॅब, भिंतीत झरोके, समोरासमोर खिडक्या, म्हणजे वारा खेळता राहावा. उणे तापमानात तो वारा खेळत नाही, चावतो. पहिल्या वर्षी सगळ्यांच्या गच्चीवरच्या टाक्यांचे पाइप फुटले. दुसऱ्या वर्षी आम्ही झरोक्यांना बोळे कोंबले. दूध विरजेना, सिलिंडरमधला गॅस चढेना, लोक दुपारी एकला आंघोळ करू लागले. शाळा अकराची झाली. सगळ्यांनी हीटर लावले की वीज जायची, आणि गेली की दिवसभर जायची. आणि पौष महिन्यात म्हातारी माणसं एकामागून एक जाऊ लागली. सकाळी उठून मोरीत गेली आणि तिथंच बसली, असं ऐकायला यायचं.

मग सरकारच्या ऊब मंडळानं रांजण दिले. कागदावर त्याला भलंमोठं नाव आहे. आम्ही रांजण म्हणतो, कारण तसाच दिसतो. आतल्या खोलीच्या भिंतीत बसवलेली पोलादी टाकी, उंची माणसाएवढी, आत दोन टन मीठ. खायचं नाही. व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर तयार होतं ते. गच्चीवर काळ्या काचेचं पॅनेल. मे महिन्यात पॅनेल तापतं, त्याची उष्णता नळ्यांतून रांजणात उतरते आणि मीठ वितळतं.

यातली गंमत अशी की हे मीठ एकदा पूर्ण वितळलं की थंड झालं तरी गोठत नाही. पावसाळा जातो, दिवाळी जाते, रांजण हाताला गार लागतो, पण आतलं मीठ पाण्यासारखं पातळ असतं आणि वितळताना घेतलेली सगळी उष्णता त्यानं पोटात ठेवलेली असते. कळ दाबली की त्याच मिठाचा एक कण आत पडतो. दुधाला विरजण लागावं तसं. त्या एका कणाभोवती सगळा रांजण काही मिनिटांत गोठून पांढरा होतो आणि गोठताना ती उष्णता सोडतो. मग दहा दिवस भिंत गरम. वर्षातून एकदाच. पुन्हा भरायचा तर पुन्हा मे महिना.

मी तीस वर्षं कारखान्यात बॉयलर अटेंडंट होतो. उष्णतेतलं मला कळतं असं वसाहतीत मानलं जायचं. मीही मानायचो.

कळ दाबल्यावर सिंधूनं भिंतीला हात लावून पाहिला. "गारच आहे हो."

"बॉयलर चढायला वेळ लागतो. लगेच वाफ धरते का?"

"लतावहिनींकडं तर कळ दाबली तोवर भिंत गरम झाली म्हणतात. मुलं पाठ लावून बसलीत."

"त्यांचा रांजण लहान असेल."

"सगळ्यांचे सारखेच आहेत."

अर्ध्या तासानं मी मंडळाच्या ऑपरेटरला फोन लावला. तन्वी ढोमसे. आयटीआय झालेली अठ्ठावीस वर्षांची मुलगी, आमच्या आणि शेजारच्या दोन वस्त्यांचे रांजण तिच्याकडं. ती म्हणाली, "काका, पुन्हा दाबून बघा. मी पलीकडच्या वस्तीत आहे, इथं पाइप फुटलाय. सकाळी पहिली तुमच्याकडं येते. आजची रात्र भामऱ्यांकडं जाऊन झोपा."

भामरे म्हणजे लतावहिनींचं घर, आमच्यापासून तिसरं. मी सिंधूला विचारलं. ती म्हणाली, "एवढ्यासाठी लोकांच्या घरी गाद्या घेऊन कुठं जायचं? दोन गोधड्या जास्त घेऊ." मी आग्रह केला नाही. मला वाटत होतं, रांजण चढेल.

सकाळी सात वाजता ती चहा ठेवायला उठली. मी अंथरुणातच होतो. भांडं पडल्याचा आवाज आला. मी म्हणालो, "काय पाडलंस?" उत्तर आलं नाही.

डॉक्टर म्हणाले, थंडीनं रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो. भांडं पडल्यावर पंधरा मिनिटांनी तन्वीची मोटरसायकल दारात आली तेव्हा लोक जमले होते. ती हेल्मेट हातात धरून फाटकाबाहेरच उभी राहिली.

तक्रार माझ्या मुलानं केली. प्रवीण हैदराबादला असतो. दहावं झालं त्याच दिवशी त्यानं मंडळाला पत्र पाठवलं. ऑपरेटरनं श्रावणात रांजण तपासायचा असतो, तो नीट तपासला नाही, त्यामुळं माझी आई गेली. "बाबा, हिला सोडायचं नाही," तो मला म्हणाला. मला ते पटलं होतं. कोणालातरी धरायला हवं होतं. नाहीतर दिवसभर घरात करायचं काय?

पहिली चौकशी माघात झाली, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये. मंडळाचे अधिकारी जाड स्वेटर घालून बसले होते. त्यांनी तन्वीला विचारलं, "श्रावणात काच पाहिली होती?"

रांजणाच्या पोटाला हातभर काच असते. आत मीठ पातळ असेल तर काच आरपार दिसते, गोठलेलं असेल तर पांढरी.

"पाहिली होती, साहेब. सही आहे माझी."

ती खोटं बोलत होती. श्रावणात ती आली तेव्हा मी घरातच होतो. काचेसमोर सिंधूनं डबे रचले होते, वर्षाचं वाळवण, एकावर एक छतापर्यंत. सिंधू म्हणाली, "एवढे डबे कुठं हलवतेस पोरी, काच चांगली आहे, मी रोज पुसते. चहा घे." तन्वीनं चहा घेतला, सही केली आणि सिंधूनं दिलेली कुरडयांची पिशवी घेऊन गेली.

मी उठून हे सांगणार होतो. तेवढ्यात तन्वी माझ्याकडं वळली.

"साहेब, मला काकांना एकच विचारायचंय. काका, आषाढात ही भिंत कोमट लागायची का?"

"का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"मे महिन्यात मीठ पूर्ण वितळलं नाही, तळाला थोडं जरी राहिलं, तर तेच विरजण होतं. भांडं न धुता दूध ओतलं तर ते आपोआप लागतं ना, तसं. पाऊस सुरू झाला, रांजण निवला की तो स्वतःच गोठतो. सगळी उष्णता तेव्हाच निघून जाते. पौषात कळ दाबून काय उपयोग? भिंत आषाढात कोमट असेल तर बिघाड उन्हाळ्यातला आहे. मग तो माझ्या सहीच्या आधीचा आहे."

सगळे माझ्याकडं बघत होते.

आषाढात सिंधू त्या भिंतीला दोरी बांधून कपडे वाळत घालायची. माझे बनियन, तिची लुगडी, चादरी. एकदा तिनं माझा हात धरून भिंतीवर ठेवला होता. "बघा कशी ऊब आहे. रांजण आत्तापासूनच कामाला लागला." आठ-दहा दिवस तिच्या कपड्यांना कुबट वास आला नाही याचं तिला केवढं कौतुक होतं. शेजारणींना बोलावून दाखवलं होतं तिनं.

"नाही," मी म्हणालो. "गारच होती."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. तन्वीनं मान खाली घातली. तिला कामावरून तात्पुरतं काढलं आणि अंतिम चौकशी चैत्रात ठेवली.

त्या दिवसापासून मी घरात बसेनासा झालो. जेवायला बसलो की उठावंसं वाटायचं. उठलो की कुठं जावं ते कळायचं नाही. वसाहतीला फेऱ्या मारायचो. लोक म्हणायचे, खैरनार, बसा, चहा घ्या. मी म्हणायचो, आलोच. आणि पुढं जायचो. मी स्वतःला सांगत होतो की तीही खोटं बोलली. तिनं काच पाहिली असती तर श्रावणातच कळलं असतं, मंडळानं दुसरी काही सोय केली असती, सिंधू वाचली असती. हे खरं होतं. पण भिंत कोमट होती हेही खरं होतं.

फाल्गुनात एक दिवस तन्वी घरी आली. मी दार अर्धंच उघडलं.

"आत येऊ का?"

"काय काम आहे?"

"काका, जाधवांचा आणि मोकळांचाही रांजण पौषात मेलेलाच होता. ते शेजारी जाऊन झोपले म्हणून कोणाला कळलं नाही. त्यांच्याही काचेसमोर श्रावणात डबेच होते. बाकीच्या घरी विचारलं, त्यांच्या भिंती पौषात तापल्या होत्या. म्हणजे तीनच घरांत काहीतरी वेगळं झालंय. मे महिन्यात पॅनेलवर सावली पडली का, एवढंच सांगा."

"तुला कामावरून काढलंय ना? मग कशाला फिरतेस?"

तिनं हेल्मेट पायरीवर ठेवलं. मग म्हणाली, "नोकरी हवीच आहे मला. खोटं कशाला बोलू? घरी आई रोज तोंडाकडं बघते. पण पॅनेल आता तापायला लागलीत, काका. कारण कळलं नाही तर पुढच्या पौषात पुन्हा हेच होईल."

"सावली कुठून पडणार? पत्रकात लिहिलं होतं सावली नको, म्हणून मी दारचा शेवगा तोडला. चांगला फळता शेवगा. सिंधू आठ दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"आणखी काही?"

"मला आठवत नाही."

ती गेली. तिची मोटरसायकल वळणाआड गेली तसा मी शिडी लावून गच्चीवर चढलो. सिंधू गेल्यापासून वर गेलो नव्हतो. पॅनेलवर धूळ होती. मी पंच्यानं पुसलं. धूळ निघाली, पण काचेवर पांढरट गोल डाग राहिले. बशीएवढे. एकाशेजारी एक, रांगेत. मी नखानं खरवडलं. गव्हाचा चीक होता, उन्हानं भाजून काचेला बसलेला.

गेल्या चैत्रात आणि वैशाखात सिंधूनं पॅनेलवर वाळवण घातलं होतं. आधी कुरडया, मग बटाट्याचा कीस, सांडगे, साबुदाण्याच्या पापड्या. प्रवीणसाठी, त्याच्या सासरी, इकडं-तिकडं द्यायला, पंचवीस-तीस दिवस रोज. गच्चीतली सगळ्यांत तापणारी जागा तीच होती आणि मांजर तिथं चढत नव्हतं. पण ती जागा सिंधूला मी दाखवली होती. "स्लॅबवर कशाला घालतेस? पॅनेलवर घाल, दोन दिवसांत कडकडीत होईल." तिचे गुडघे दुखायचे म्हणून चिकाचं पातेलं मी वर नेलं होतं. माझं पांढरं धोतर मीच काचेवर अंथरलं होतं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले होते.

पांढरं धोतर. बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस. झाडाची सावली पडू नये म्हणून मी शेवगा तोडला आणि तीच काच धोतरानं झाकली. रांजणाचा तापमानाचा काटा वरच्या बाजूला असतो. गरम पातळ मीठ वर येतं, काटा पंच्याऐंशी दाखवत राहतो. तळाला हातभर मीठ वितळलंच नसणार.

मी पॅनेलशेजारी बसलो. खालून लतावहिनींनी हाक मारली, "भाऊजी, उन्हात काय बसलात? भोवळ येईल!" मी खाली उतरलो.

प्रवीणचा फोन रोज यायचा. "बाबा, चौकशीत ठाम राहा. तिनं काच पाहिली नाही हे सांगा. तुम्ही साक्षीदार आहात."

एकदा मी विचारलं, "समजा चूक आपल्याकडून झाली असेल तर?"

"आपल्याकडून म्हणजे?"

"समजा."

"बाबा, आई गेलीय. आता तिच्यावर काही ढकलू नका."

मी फोन ठेवला. खरं काय ते त्याला माहीत नव्हतं हे मला कळत होतं. पण त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तिचं नाव येऊ नये म्हणून गप्प बसतोय, असं मी मानून घेत होतो. फेऱ्या मारताना कधीतरी लक्षात यायचं की मी तिच्या नावाआड उभा आहे.

अंतिम चौकशी चैत्रात गुढीपाडव्यानंतर होती, दुपारी बाराला. मी साडेअकराला घरातून निघालो. तिसऱ्या घरापाशी मान वर केली. लतावहिनी त्यांच्या गच्चीवर होत्या. पॅनेलवर त्यांनी जुनी साडी अंथरली होती आणि सोऱ्यानं कुरडया घालत होत्या. काचेचा अर्धा भाग झाकला होता.

"वहिनी! ते काय करताय?"

"कुरडया. या की, चीक देते खायला. गरम आहे."

"तिथं कशाला घालताय?"

त्या हसल्या. "सिंधूवहिनींनीच सांगितलं होतं. दोन दिवसांत कडकडीत होतात म्हणाल्या. जाधववहिनी आणि मोकळबाई गेल्या वर्षीच घालायला लागल्या, मीच मागं राहिले होते."

मी तिथंच उभा राहिलो. लतावहिनींच्या घरात दोन लहान नातवंडं आहेत. पौषात तीच भिंतीला पाठ लावून बसली होती. मला तिथंच ओरडून सांगता आलं असतं. पण सांगितलं नाही. मी हॉलकडं चालू लागलो, आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की मी जवळजवळ पळतोय.

हॉलमध्ये तन्वी आणि तिची आई पहिल्या रांगेत होत्या. अधिकाऱ्यांनी कागद वाचायला सुरुवात केली. मी मध्येच उभा राहिलो.

"साहेब, माझा जबाब चुकीचा आहे."

"कुठला?"

"भिंतीचा. आषाढात भिंत कोमट होती. चांगली आठ-दहा दिवस. आम्ही त्यावर कपडे वाळवले."

हॉलमध्ये कुजबुज झाली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "खैरनार, तुम्ही तक्रारदार आहात. जबाब बदलला तर खोटी साक्ष दिल्याची कारवाई तुमच्यावर होऊ शकते. समजतंय ना?"

"समजतंय. करा."

"आणि मीठ का वितळलं नाही ते माहीत आहे?"

"पॅनेलवर महिनाभर वाळवण होतं. कुरडया, पापड."

"कोणी घातलं? तुमच्या पत्नीनं?"

ते विचारणार हे मला माहीत होतं. रस्ताभर मी त्याचं उत्तर जुळवत आलो होतो.

"घातलं तिनं. जागा मी दाखवली. धोतर मी अंथरलं. तिला रांजणातलं काही कळत नव्हतं, ती मला विचारायची. मला कळतं असं तिला वाटायचं." मी दाराकडं हात केला. "आणि आत्ता भामऱ्यांच्या गच्चीवर तेच चाललंय. साहेब, हे नंतर लिहा. आधी कोणालातरी तिकडं पाठवा."

कोणी हललं नाही. तन्वी उठली. तिच्या आईनं तिचा हात ओढला, तो तिनं सोडवून घेतला.

"साहेब, मीही खोटं बोलले. मी काच पाहिली नव्हती. डबे हलवायचा कंटाळा केला. चहा पिऊन सही केली."

"अगं पोरी," तिची आई म्हणाली, "आत्ता सुटत होतीस की."

अधिकाऱ्यांनी बराच वेळ लिहिलं. तन्वीला लेखी ताकीद मिळाली आणि कामावर परत घेतलं. माझ्या प्रकरणाचा निर्णय वरून येणार होता, अजून आलेला नाही. पॅनेलवर काही झाकू नये असं परिपत्रक काढू, असं ते म्हणाले. तन्वीनं विचारलं, "कधी?"

"मंजुरी मिळाली की. ज्येष्ठापर्यंत येईल."

"ज्येष्ठात वाळवणं डब्यात गेलेली असतात, साहेब."

बाहेर आलो तेव्हा तन्वी पायरीवर माझी वाट बघत होती. मला वाटलं, काही बरं बोलेल.

"दोन महिने," ती म्हणाली. "दोन महिने मी किराणा आणायला शेजारच्या गावाला जात होते. इथल्या दुकानात बायका गप्प व्हायच्या. तुम्ही त्या दिवशी 'हो' म्हणाला असता तर तेवढंच पुरलं असतं."

"हो."

"माफी मागू नका. मला ती द्यायची नाही."

"नाही मागत."

तिनं किल्ली बोटाभोवती फिरवली. "उद्या सकाळी आठला तयार राहा. सगळ्या घरांत जायचंय. मी सांगितलं तर म्हणतील, ही स्वतःची चूक झाकतेय. तुम्ही सांगितलं तर ऐकतील."

"काय सांगू?"

"जे आत सांगितलंत तेच. बायको कशानं गेली ते."

संध्याकाळी प्रवीणचा फोन आला. त्याला सगळं आधीच कळलं होतं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आईला कुरडया करायला मीच सांगायचो," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस त्याचा फोन आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं घर लतावहिनींचं. पॅनेलवर साडी तशीच होती. मी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "वहिनी, सिंधू थंडीनं गेली ती यामुळं. मीच तिला तिथं वाळवायला सांगितलं होतं." एवढं बोलून मला रडू आलं. लतावहिनी आधी चिडल्या. "गेलेल्या बाईचं नाव असं दारोदार घेता, भाऊजी? शोभतं का?" मग त्या आत गेल्या, नातवाला कडेवर घेऊन बाहेर आल्या, वर पॅनेलकडं बघितलं आणि त्याला माझ्या हातात देऊन शिडी चढू लागल्या. वरून म्हणाल्या, "ओल्या आहेत हो अजून. तुटतील सगळ्या."

"तुटू द्या," तन्वी म्हणाली.

दुसऱ्या घरात मला बोलताच आलं नाही, तन्वीनं वाक्य पूर्ण केलं. तिसऱ्या घरात म्हातारीला ऐकू कमी येतं. तिला ते तीनदा मोठ्यानं सांगावं लागलं आणि सगळ्या गल्लीनं ऐकलं. जाधववहिनींनी तोंडाला पदर लावला आणि म्हणाल्या, "म्हणजे आम्हीही मेलो असतो की." मोकळबाईंनी वाद घातला. एवढ्याशा कापडानं काय होतंय, सूर्य काय अडतोय का? तन्वीनं त्यांना गच्चीवर नेऊन साडीखालच्या काचेला हात लावायला सांगितला, मग उघड्या काचेला. मोकळबाईंनी हात झटकला आणि भाजलेलं बोट तोंडात घातलं.

घरामागून घर होत गेलं. वाक्य हळूहळू लहान झालं. रडू कमी झालं, मग थांबलं. चोविसाव्या दारात मी बोलत होतो आणि माझ्या लक्षात आलं की मी अंगणातल्या नळाकडं बघतोय. नळ गळत होता. वॉशर गेला असणार. सिंधूचं नाव तोंडात होतं आणि डोक्यात वॉशर.

बाहेर येऊन मी कट्ट्यावर बसलो.

"पुढची घरं तू घे," मी तन्वीला म्हणालो. "माझं आता नुसतं पाठ म्हटल्यासारखं होतंय. बोलतो, पण आत काही हलत नाही. तिच्याबद्दल असं बोलवत नाही मला."

तन्वीनं यादीतल्या नावावर खूण केली, कागद घडी करून खिशात घातला आणि वर गच्च्यांकडं पाहिलं. पुढच्या ओळीत दोन ठिकाणी कापडं पसरलेली दिसत होती.

"लोकांना कळतंय ना?" ती म्हणाली. "मग उठा, काका. अजून सतरा घरं आहेत, आणि ऊन चढतंय."